वादी

रापी सरकली तेव्हा रक्त बेताचंच आलं.
दुखलंही फार नाही.
फक्त उजव्या अंगठ्याला म्हटलं, वाक,
तर शेंडा जागचा हलेना.
हाक ऐकूनही पोर खेळातून मान वर करत नाही,
तसा.

"शीर तुटली," सासूबाई म्हणाल्या, हळद दाबत.
"शीर न्हवं, मावशी. कंडरा,"
दवाखान्यातली तस्लीम मुजावर म्हणाली.
माझ्या धाकटीच्या वयाची.
मनगट आणि कोपराच्या मधोमध
दोन बोटं रुतवून म्हणाली,
"शेंडा वाकवणारा गडी इथं राहतो."

मी हसले.
सुभाषनगरात निम्मी माणसं अशीच,
राहायला एकीकडं, राबायला दुसरीकडं.

"खरंच. शेंड्यात स्वतःचा जोर नसतो.
इथनं वादी गेलीया. इकडं ओढलं की तिकडं वाकतं."

वादी हा तिचा शब्द नव्हे.
मला कळावं म्हणून तिनं तो माझ्याकडनंच घेतला.

एकतीस वर्षं चपला करते.
चपलेला कान असतो, अंगठा असतो, वेणी असते,
नाक तेवढं नाही.
चालायचं म्हटलं तर पाय दुसऱ्याचा.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांना विचारलेलं,
एकेरी घातलासा की दुहेरी?
मास्कच्या आत हसले असावेत.
आमचा टाका बसला की काम संपतं.
त्यांचा बसला आणि सुरू झालं:
रोज डाव्या हातानं उजवा अंगठा वाकवायचा,
ताण द्यायचा नाही,
पण पडूही द्यायचा नाही.
आपल्या खोबणीत वादी चिकटली
की कायमची गेली.

"मांस ढकलत नाही, मावशी.
त्याला आखडणं तेवढं येतं. आणि सैल पडणं."
मग सरळ कोण करतं?
"पलीकडचा. हाताच्या पाठीकडचा.
एक ओढाय लागला की दुसऱ्यानं सोडायचं.
दोघांनी ओढलं तर बोट जागच्या जागी थरथरतं."

केरबा आणि मी ओलं कातडं ताणायचो अंगणात.
तो नळाकडनं, मी उंबऱ्याकडनं.
"सोड की गं!"
"तुमीच सोडा!"
त्याच्या माघारी एक टोक खिळ्याला अडकवते.
खिळा सोडत नाही.

हाड काय करतं, हे मी विचारलं नाही.
ते मला ठाऊक होतं.
मांडीपुढचा काळा दगड, सासऱ्यांच्या वेळचा.
सगळं त्याच्यावर ठोकायचं.
तो स्वतः कधी काही करत नाही
आणि तो नसला तर हातोडीला
मारायला जागा नाही.

नववा आठवडा.
शेंडा निम्मा वाकतो.
आरी धरता येते, वेणी घालता येत नाही,
बारीक वाद्या निसटतात.
मुजावर म्हणते, येईल.
येईल म्हणताना कागदाकडं बघते.

रात्री सगळी निजल्यावर
डावा पंजा उजव्या हातावर ठेवते
आणि अंगठ्याला म्हणते, वाक.
कातडीखाली काहीतरी सरकतं.
गल्लीतली पोरं दंडाच्या बेटकुळ्या दाखवत फिरतात,
ही माझी. पावट्याएवढी.
कुणाला दाखवण्यासारखी नाही.
पुन्हा म्हणते, वाक.
पुन्हा सरकते.

कोपऱ्यात म्हशीचं कातडं पसरलंय.
पाठीचा भाग, सगळ्यात टणक,
बाभळीच्या सालीचा वास अजून आहे.
जिवंत होती तेव्हा
एवढीशी माशी बसली तरी
हे नुसतं इथल्या इथं थरारायचं,
पाय न उचलता, शेपूट न हलवता.
आतनं ओढणारं होतं कुणीतरी.

दिव्याखालची माशी उठून त्याच्यावर बसली.
मी बघत राहिले.